जुन्या मोटारीचें अंदाजपत्रक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, जन्मभर मुलांना अंकगणित शिकविणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरास मोटारीच्या स्प्रिंगांशीं काय कर्तव्य? शंका रास्त आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्राचा गंधही मला नाहीं. परंतु जुनी मोटार बाळगणें हें जितकें कारागिराचें काम आहे, तितकेंच तें हिशेबाचें काम आहे. या हिशेबांत मी प्रथम चुकलों, ती चूक जवळजवळ जिवावर बेतली, आणि म्हणून दुसऱ्या खेपेस तो नीट सोडविला. विद्यार्थ्याचें चुकलेलें गणित फळ्यावर मांडून सगळ्या वर्गास समजावून द्यावयाचें, अशी माझी वर्गांतील रीत होती. आज मी माझेंच चुकलेलें गणित फळ्यावर मांडीत आहें.

यवतमाळास आमच्या घरीं एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. माझ्या थोरल्या बंधूंनीं ती १९९६ सालीं नवी घेतली. ते वारल्यानंतर वहिनींनीं तिची किल्ली माझ्या हातीं दिली, आणि ‘भाऊजी, विकूं नका, चालती ठेवा,’ एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हांपासून ही मोटार म्हणजे आमच्या घरांतील एक वडीलधारें माणूस होऊन बसली आहे. तिला टाकवत नाहीं, आणि तिची प्रकृति सांभाळण्यास पैसा लागतो.

या मोटारीचें कुळ दोन शब्दांत सांगितलें पाहिजे, कारण अंदाजपत्रकाशीं त्याचा संबंध आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना होता. इटलींतील फियाट कंपनीची ११०० या नांवाची मोटार तेथें तयार होऊं लागली, आणि पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिच्याच भारतीय अवतारास ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. इ. स. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्यें ती इतकीं वर्षें धांवली कीं, २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून गेली, तेव्हां पुष्कळांनीं घरचें माणूस गेल्याप्रमाणें हळहळ व्यक्त केली. तात्पर्य, कारखाना आतां पाठीशीं नाहीं. सुटे भाग मिळतात, पण ते शोधावे लागतात, आणि मिळालेला भाग मूळच्या दर्जाचा असेलच असें नाहीं. नव्या मोटारीच्या दुरुस्तीचा आंकडा विचारून कळतो; जुनीचा आंकडा उघडून पाहिल्याशिवाय कळत नाहीं.

त्यांत भर आमच्या जिल्ह्याच्या भूमीची. येथील काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. ज्या मातीनें या जिल्ह्यास कापूस दिला, तीच माती वरच्या डांबरास स्वस्थ बसूं देत नाहीं. नुकताच केलेला सपाट रस्ताही दोन-चार पावसाळ्यांत लाटा घेऊं लागतो. पांढरकवड्यावरून हैदराबादेकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, किंवा वर्ध्याकडून यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड या वाटेनें नांदेडकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग, हे आतां रुंद झाले आहेत. परंतु माणसाचें कुलदैवत, शेत आणि सोयरे महामार्गाच्या कांठीं क्वचितच असतात. शेवटचे दोन कोस गांवरस्त्याचेच. आणि त्या दोन कोसांत मोटारीच्या ज्या भागाची परीक्षा होते, त्यास सस्पेन्शन असें म्हणतात.

सस्पेन्शन म्हणजे मोटारीचें अंग आणि तिचीं चाकें यांच्यामधील लवचीक जोड. आमच्या लहानपणीं बैलगाडीस अशी जोड नसे, म्हणून तींत कडबा अंथरून बसत. टांग्यास पोलादी पाटे असत, म्हणून टांग्यांत बसलेला माणूस स्वतःस थोडा श्रीमंत समजे. मोटारींत हें काम दोघेजण वांटून घेतात. स्प्रिंग धक्का पोटांत घेते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, स्प्रिंगेवर जेवढें बल तेवढा तिचा ताण. आणि बल काढून घेतलें कीं ती पूर्वस्थितीवर येते. पण येथेंच अडचण आहे. पोटांत घेतलेला धक्का स्प्रिंग परत करते. झोपाळ्यास एक झोका दिला तर तो लगेच थांबत नाहीं, तसें स्प्रिंगेवर बसलेलें मोटारीचें अंगही एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. तें डोलणें थांबविण्यासाठीं दुसरा गडी असतो, त्यास आमचे कारागीर ‘शॉकप’ म्हणतात. एका नळींत तेल आणि त्यांत बारीक छिद्रांचा दट्ट्या. छिद्रांतून तेलास सावकाश जावें लागतें, आणि त्या ओढाताणींत धक्क्याचा जोर विरून जातो.

पद्मिनीच्या पुढच्या दोन चाकांस दोन स्वतंत्र, वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत, आणि प्रत्येक चाक वर एक व खालीं एक अशा दोन बाहूंनीं धरलेलें आहे. मागें एकच अखंड आंस आहे, आणि तो पोलादी पाट्यांच्या दोन जुडग्यांवर बांधलेला आहे. बाजारांत त्यांस कमानपाटे म्हणतात. आतां एक गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण माझी चूक तेथेंच झाली. पुढची वेटोळ्याची स्प्रिंग केवळ वजन झेलते. चाकास जागेवर धरून ठेवण्याचें काम बाहू करतात. मागच्या पाट्यांस मात्र दोन्ही कामें करावीं लागतात. ते वजन झेलतात, आणि मागचा आंस जागेवर धरूनही ठेवतात. पाटा गेला तर नुसती गाडी बसत नाहीं; चाकाचें ठाणेंच सुटतें.

आतां माझें चुकलेलें गणित. पांच वर्षांपूर्वीं मोटार खडखडूं लागली आणि खड्ड्यांतून बाहेर पडल्यावर होडीसारखी डोलूं लागली. मीं तिच्यासाठीं ३०,००० रुपये बाजूस काढले, वहीचें एक पान घेतलें, आणि तीन रात्रीं बसून यादी केली. यादी करतांना मीं काय प्रमाण मानलें? माझे कान. जो भाग आवाज करतो तो बदलावयाचा, जो करीत नाहीं तो राहूं द्यावयाचा. त्याप्रमाणें चारही शॉकप नवे आले, पुढच्या बाहूंचे कांहीं रबरी बुश आले. आणि एवढें केल्यावर उरलेले पैसे हातांत चुळबुळ करूं लागले, म्हणून एका बाजूच्या पत्र्यास रंग दिला आणि आसनांस नवीं कव्हरें घातलीं. यादीच्या शेवटीं शिल्लक शून्य. इतकी चोख मांडणी पाहून मला स्वतःचें कौतुक वाटलें.

ज्याच्याकडे हें काम चालूं होतें तो कारागीर माझा जुना विद्यार्थी. तो मला म्हणाला, ‘गुरुजी, मागचे पाटे एकदां खोलून पाहूं द्या. आंत जंग धरला असन.’ मीं विचारलें, ‘त्यांतून आवाज येतो काय?’ तो म्हणाला, ‘आवाज नाहीं येत.’ मीं म्हटलें, ‘अरे, पाटा म्हणजे चार बोटें रुंद लोखंड. त्याला काय होतें? पुढच्या वर्षीं पाहूं.’ तो गप्प बसला. गुरुजींपुढें गप्प बसण्याची संवय आम्हींच त्यास लावलेली होती.

त्या वर्षीं दिवाळीनंतर आम्ही दारव्ह्याच्या रस्त्यावरून आंत एका गांवीं निघालों होतों. माझ्या शेजारीं आमचें कुटुंब, मागें सात वर्षांची नात. मोटार लोण्यासारखी चालली होती. नवे शॉकप आपलें काम चोख बजावीत होते. गांवरस्त्यावर एका नाल्याचा उतार लागला. वेग फारसा नव्हता. उतार संपतां संपतां खालून ‘खाडकन्’ असा एकच आवाज आला, आणि मोटार माझ्या हाताचें न ऐकतां डावीकडे ओढूं लागली. मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा डोळ्याजवळ, म्हणजे जेथें तो अंगास जोडलेला असतो तेथें, तुटला होता. आंसाची ती बाजू मागें सरकली, चाक मडगार्डावर घासलें, आणि आम्ही पळसाच्या एका झुडपांत शिरून थांबलों. पुढचें एक चाक नाल्याच्या कांठाबाहेर होतें. खालीं दगड होते. वेग दुप्पट असता, किंवा तें झुडूप दहा हात पलीकडे असतें, तर आज हें भाषण करण्यास मी येथें नसतों.

कोणास खरचटलेंही नाहीं. नातीनें विचारलें, ‘आबा, गाडी मोडली का?’ मीं ‘होय’ म्हटलें. आमचें कुटुंब घरीं येईपर्यंत कांहीं बोललें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर मात्र त्या एवढेंच म्हणाल्या, ‘अहो, कव्हरें मात्र छान झालीं आहेत.’ शाळेंत छडी खाल्लेल्या मुलास काय वाटत असेल, तें मला त्या रात्रीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं माझ्या विद्यार्थ्यानें तो तुटलेला पाटा आणून माझ्यापुढें ठेवला. तुटलेल्या तोंडाकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘पाहा गुरुजी.’ त्या तोंडाचे तीन हिस्से तांबूस-काळे पडले होते. फक्त एक हिस्सा ताज्या पोलादासारखा चकाकत होता. म्हणजे काय? पाटा त्या दिवशीं तुटला नव्हता. पाट्या-पाट्यांमध्यें पाणी व चिखल शिरून गंज चढला होता, गंजाच्या खळग्यांतून एक बारीक चीर निघाली होती, आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर ती केंसभर पुढें सरकत होती. कित्येक महिने तो मुकाट्यानें तुटत होता; त्या दिवशीं फक्त शेवटचा चवथा हिस्सा तुटला. माझ्या यादींत खडखड करणाऱ्या प्रत्येक भागास स्थान होतें. जो गप्प राहून मरत होता त्यास मात्र एक पैसाही मिळाला नव्हता. जुन्या मोटारीच्या अंदाजपत्रकाचा पहिला नियम मी त्या तुटक्या पाट्यापासून शिकलों: खर्चाचा क्रम आवाजावरून लावूं नये, धोक्यावरून लावावा.

यानंतर जें दुसरें अंदाजपत्रक केलें, त्याची रीत आतां सांगतों. ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी आहे, मग ती पद्मिनी असो किंवा दुसरी कोणती, त्यांस ती उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम पाहणी, मग यादी. पाहणीसाठीं लागणारी मजुरी हा खर्चाचा पहिला आंकडा धरावा. ती वांचविणें म्हणजे प्रश्न न वाचतां उत्तर लिहिणें होय. कांहीं कसोट्या घरींही घेतां येतात. पहिली फुटपट्टीची. सपाट फरशीवर रिकामी मोटार उभी करावी, चाकांतील हवा दोन्ही अंगांस सारखी असावी, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कांठापर्यंत उंची मोजून वहींत लिहावी. डाव्या-उजव्या उंचींत बोटभर फरक आला, तर खालची बाजू थकली किंवा तुटली असा संशय घ्यावा. दुसरी कसोटी हाताची. मोटारीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. अंग एकदां वर येऊन स्थिरावलें तर शॉकप शाबूत आहे. दोन-तीनदां डोललें, किंवा शॉकपाच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर त्याचें आयुष्य संपलें.

तिसरी कसोटी कारागिराकडून करवावी. पुढचें चाक उचलून वर व खालीं धरून हलवावें. हातास खट्ट असा खेळ लागला, तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगाचा. तरीही राहिला तर किंगपिनचा किंवा बाहूंच्या सांध्यांचा. चाक आडवें धरून हलवितांना खेळ लागला, तर स्टिअरिंगच्या दांड्यांचीं टोंकें पाहावीं. चवथा साक्षीदार टायर. त्याचा एकच कांठ झिजला असेल तर चाकांची रेषा बिघडली आहे. अंगावर ठिकठिकाणीं खळगे पडले असतील तर बहुधा शॉकप निकामी आहे. येथें एक इशारा देतों. जॅक हें मोटार उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. भक्कम आधार दिल्याशिवाय तिच्याखालीं कोणीही शिरूं नये. आणि पुढच्या वेटोळ्याच्या स्प्रिंगेस घरीं हात लावूंच नये. दाबलेल्या स्प्रिंगेंत माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो.

पाहणी झाल्यावर खर्चाचे चार वर्ग करावे. पहिला वर्ग जिवाचा: मागचे पाटे, त्यांस आंसाशीं बांधणारे यू-बोल्ट, किंगपिन, बाहूंचे सांधे, स्टिअरिंगच्या दांड्या, आणि चाकें उघडलींच आहेत तर ब्रेकच्या रबरी नळ्या. दुसरा वर्ग झिजेचा: जे भाग बिघडल्यामुळें दुसरे चांगले भाग खराब होतात ते, म्हणजे शॉकप, बेअरिंगें, चाकांची रेषा. शॉकप मेला म्हणजे टायर मरतो आणि पाट्यावर अधिक ताण पडतो, म्हणून त्यास निव्वळ सुखसोयीचा भाग समजूं नये. तिसरा वर्ग सुखाचा: किरकिर बंद करणारीं रबरें, गाद्या, बैठक. चवथा शोभेचा: रंग, कव्हरें, चकाकी. वरचा वर्ग पुरा भागल्याशिवाय खालच्या वर्गास एक पैही देऊं नये. माझ्या पहिल्या यादींत दुसरा, तिसरा आणि चवथा वर्ग होता, पहिला नव्हताच.

आतां रक्कम. समजा, आपल्याजवळ ४०,००० रुपये आहेत. हे आंकडे फळ्यावरच्या उदाहरणाचे आहेत, बाजारभावाचे नव्हेत; भाव आपापल्या गांवीं विचारावे. या रकमेचा चवथा हिस्सा, म्हणजे १०,०००, प्रथमच वेगळ्या पाकिटांत घालावा. ही गंगाजळी. जुनी मोटार उघडल्यावर कांहीं ना कांहीं अनपेक्षित निघतेंच. बोल्ट गंजून तुटतो, शेजारचा सांधा गेलेला दिसतो. ज्या अंदाजपत्रकांत अनपेक्षितास जागा नाहीं, तें अंदाजपत्रक नसून इच्छापत्र आहे. उरलेल्या ३०,००० पैकीं १५,००० पहिल्या वर्गास, ९,००० दुसऱ्यास, ६,००० तिसऱ्यास, आणि चवथ्यास शून्य. पहिल्या वर्गाचें काम १५,००० मध्यें भागलें नाहीं तर तिसऱ्याचे काढून त्यास द्यावे. उलट कधींही करूं नये. गंगाजळी उरली तर ती पुढच्या वर्षासाठीं ठेवावी, कव्हरांसाठीं नव्हे.

प्रत्येक वर्गांतही तीन रकाने पाडावे: सामान, लेथ व लोहारकाम, आणि मजुरी. आपण सामानाचाच भाव विचारतों आणि फसतों. किंगपिन स्वस्त असते, पण तिचे बुश ठोकून ते मापास घासून घेण्याचें काम निराळें. शिवाय मजुरी ही उघडण्याची असते. एकदां चाक, ब्रेक आणि बाहू उतरविले कीं आंतले चार भाग त्याच मजुरींत बदलतां येतात. सहा महिन्यांनीं पुन्हां उघडलें तर तीच मजुरी पुन्हां द्यावी लागते. म्हणून पैसे थोडे असतील तर अर्धी मोटार अर्धवट करण्यापेक्षां एका वेळीं एक आंस पूर्ण करावा. यंदा मागचा, पुढच्या वर्षीं पुढचा, किंवा पाहणींत धोका जिकडे अधिक दिसेल तो आधीं. शॉकप व पाटे नेहमीं जोडीनें बदलावे. एक नवा आणि एक जुना असला कीं मोटार लंगडते.

काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, हेंही सांगतों. जे पाटे शाबूत आहेत पण सपाट झाले आहेत, त्यांस चांगला लोहार पुन्हां कमान देऊं शकतो. मात्र पोलादास पाणी देण्याची विद्या त्यास अवगत असली पाहिजे, नाहींतर कमान एका पावसाळ्यांत उतरते. चिरलेला पाटा डाग देऊन जोडूं नये. जोडाच्या शेजारीं तो पुन्हां तुटतो. जुने यू-बोल्ट परत वापरूं नयेत, ते ताणलेले असतात. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला ‘कोरा’ रबरी माल स्वस्त मिळतो, पण रबर वापरानें जसें मरतें तसें नुसत्या वयानेंही मरतें. बोटानें वांकवून चीर दिसते कीं काय तें पाहावें. आणि पाट्यांच्या डोळ्यांतील रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आंवळावयाचे ते मोटार चाकांवर उभी करूनच. ती हवेंत असतां आंवळले तर खालीं उतरतांच रबर पिळवटतें आणि लवकर फाटतें. या सूचनेस एक पैसा लागत नाहीं. चाकांची रेषा तपासणें सर्वांत शेवटीं, आणि नवे टायर त्याहूनही शेवटीं.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न. माझा मुलगा म्हणतो, ‘बाबा, मोटारीची किंमत किती आणि तुम्ही खर्च किती करतां?’ त्याचें त्रैराशिक दिसतें बरोबर, पण त्यांतील एक पद चुकीचें आहे. मोटार विकावयाची असेल तर तिच्या किंमतीशीं खर्च ताडून पाहावा. वापरावयाची असेल तर खर्च तिच्या उरलेल्या वर्षांशीं ताडून पाहावा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पांच-पांच वर्षांसाठीं नवी करावी लागते. जुन्या मोटारींच्या या नोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींस ती २०२५ च्या ऑगस्टमध्यें १०,००० रुपये करण्यांत आली. म्हणून पांच वर्षें हेंच हिशेबाचें माप धरावें. आपल्या उदाहरणांतील ४०,००० आणि नोंदणीचे १०,००० मिळून ५०,०००. त्यास साठ महिन्यांनीं भागलें कीं महिन्यास सुमारें ८३३ रुपये. पर्यावरण कर, विमा आणि पेट्रोल यांत धरलेलें नाहीं. तें ज्यानें त्यानें मिळवावें. मग तेवढ्या फेऱ्या भाड्याच्या मोटारीनें केल्या असत्या तर काय पडलें असतें, तें शेजारीं लिहावें. मुलगा आणि बाप यांनीं एकाच कागदाकडे पाहिलें कीं अर्धें भांडण मिटतें. दुरुस्ती नेहमीं नोंदणीच्या अगोदर करावी. पाहणींत मोटार निरुपयोगी ठरली तर फी तरी वांचते.

कारण ती निरुपयोगी ठरूं शकते, हेंही मान्य केलें पाहिजे. पद्मिनीस ट्रकाप्रमाणें निराळी चौकट नाहीं. पत्र्याचें अंग हीच तिची चौकट. पाटे व बाहू ज्या ठिकाणीं अंगास जोडलेले असतात, तेथला पत्राच गंजून पापडासारखा झाला असेल, तर नव्या पाट्यांस धरणार कोण? अशा वेळीं प्रश्न सस्पेन्शनचा राहत नाहीं, अंगाचा होतो, आणि त्याचा आंकडा बहुधा दुसऱ्या पानावर जातो. तेथें थांबावें. ज्या मोटारीवर आपलें प्रेम आहे, तिच्यांत घरच्या मुलांना बसवून प्रेमाची परीक्षा पाहूं नये.

आमची मोटार सुदैवानें त्या पाहणींत उतरली. दुसऱ्या अंदाजपत्रकास पहिल्यापेक्षां अधिक रक्कम लागली, आणि ती जमवितांना मला एक वर्ष थांबावें लागलें. त्या वर्षांत मोटार गच्छीखालीं उभी होती आणि मी एसटीनें हिंडलों. मग मागचे पाटे, यू-बोल्ट, पुढच्या किंगपिना आणि ब्रेकच्या नळ्या झाल्या. गंगाजळींतील थोडे अधिक दोन हजार उरले. त्यांस मीं अजून हात लावलेला नाहीं. माझा विद्यार्थी आतां मला कांहीं सांगूं लागला कीं मी वही काढून लिहून घेतों. त्यास याचा संकोच वाटतो, पण संवय होत आहे.

मोटार तयार झाल्यावर पहिल्या दिवशीं वहिनींस घेऊन आम्ही कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनास गेलों. नातही बरोबर होती. वाटेंत कोठेंतरी एक किरकिर ऐकूं येऊं लागली. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. मीं त्यांस सांगितलें, ‘वहिनी, ही किरकिर तिसऱ्या वर्गांतली आहे. तिचे पैसे पुढच्या वर्षीं.’ त्यांस कांहीं उमगलें नाहीं. मागें बसलेलें आमचें कुटुंब मात्र प्रथमच या विषयावर मनापासून हंसलें.

माझें भाषण येथें संपलें.  ज्यांच्या दारीं जुनी मोटार उभी आहे, त्यांनीं उद्यां सकाळीं एक फुटपट्टी घेऊन तिच्या चारही चाकांची उंची तेवढी मोजावी, इतकीच विनंति आहे.